दिवेलागणीला न बोलायचा शब्द

टण्.

एक दाणा उडून तांब्यावर आदळला आणि ओसरीवरची शांतता फुटली.

परातीभोवती चौघं बसली होती आणि न्याहारीपासून कुणी कुणाशी चकार शब्द बोललं नव्हतं. भिजवलेला अवरेचा दाणा दोन बोटांत धरायचा, अंगठ्यानं दाबायचा, की हिरवा गर सटकन परातीत आणि पांढुरकं साल पायाशी. महाराष्ट्रातून आलेले पाहुणे त्याला पावटा म्हणतात. इकडे कन्नड मुलखात, आनेकलच्या बाजूला, मराठी घरांतही तो अवरेच, आणि असा सालातून काढलेला दाणा म्हणजे हितकबेळे. धनुर्मासाच्या थंडीत ज्या घरात त्याची आमटी उकळते, त्या घरासमोरून जाणारा माणूस आपोआप चाल मंद करतो. पण एकेक दाणा दाबत बसायला शहरात आता कुणाला सवड आहे?

"शेजारच्या अंबुबाईच्या अंगणात पडला असता तर परत मिळाला नसता," विठोजी तांब्याकडे बघत म्हणाले.

सात वर्षांची वाणी फिदीफिदी हसली. तिची आई संयोगिता, तिनं ओढणी तोंडाला लावली. मालनबाईंनी मात्र मान वर केली नाही. त्यांचा राग नवऱ्यावर, विठोजींवर नव्हता, सुनेवर तर नव्हताच. तो होता अंगणात कॅब धुणाऱ्या लेकावर, अभिराजवर.

आदल्या दिवशी त्रिविक्रम येऊन गेला होता. हा माणूस लॉन पिकवायचा. व्हाइटफील्डच्या कंपन्यांसमोर जे हिरवं गवत दिसतं, ते आनेकलच्या शेतांतून जातं. गवत वाढवायचं, मग मुळांसकट, मातीसकट चौकोन कापायचे आणि चटईसारखे गुंडाळून ट्रकमध्ये घालायचे. त्रिविक्रमला विठोजींचा मळा खंडानं हवा होता. अभिराजला ते पटलं होतं. तो रात्रंदिवस ऑफिसची कॅब हाकायचा, शेताकडे बघायला त्याला उसंत नव्हती, आणि आईबापांची कंबर दर हंगामात थोडी थोडी वाकताना तो बघत होता. त्याचंही चुकत नव्हतं.

"आम्ही दाण्याची सालं काढतो," मालनबाई त्याला म्हणाल्या होत्या, "तू मातीची काढ."

त्यानंतर बोलणं बंद. शेवटी विठोजींनी मध्ये पडून तोड काढली. हा अवरेचा हंगाम जाऊ दे. संक्रांतीपर्यंत मालाला स्वतःचं गिऱ्हाईक टिकलं, पुढच्या वर्षी या म्हणणारं कुणी भेटलं, तर मळा आपला. नाहीतर पुढच्या हंगामाला त्रिविक्रमचं गवत. सगळ्यांनी मान हलवली आणि सगळ्यांनी, का कोण जाणे, संयोगिताकडे पाहिलं.

कारण गिऱ्हाईक तिचं होतं.

ते लागलं होतं गंमतीनंच. अभिराजच्या कॅबच्या डिकीत एकदा अवरेच्या शेंगांचं पोतं राहिलं. सोगडू अवरे, म्हणजे दव पिऊन तेलकट झालेली, हात लावला तर दिवसभर बोटांना वास. मागे बसलेल्या भव्या मॅडमनी काच खाली करायला सांगायच्या ऐवजी डोळे मिटून श्वास घेतला आणि विचारलं, हे कुठलं? त्यांची आई करायची. त्यांना खायचं होतं, सोलायचं नव्हतं. दोन दिवसांत त्यांच्या अपार्टमेंटच्या ग्रुपमध्ये संयोगिताचा नंबर घातला गेला, आणि दर रविवारी सकाळी गेटच्या आतल्या झाडाखाली टेबल लावायची परवानगी मिळाली. एवढंच एक बजावलं होतं: आधीचा भाजीवाला ग्रुपवर हो म्हणायचा आणि आणायचा नाही, म्हणून लोकांनी त्याला बंद केला. तुम्ही जे असेल ते ग्रुपवर लिहा.

आणि ग्रुप इंग्रजीत.

संयोगिता कन्नड शाळेत दहावी झालेली. इंग्रजी वाचायला यायचं, लिहायला धडधड व्हायची. पण वाणीच्या पुस्तकातून तिनं एकेक शब्द वेचला, शेंग वेचावी तसा. पहिल्या आठवड्यात लिहिलं, बीन्स पिक्ड. मग बीन्स सोक्ड. बीन्स पील्ड. पॅक्ड. प्रत्येक कामाच्या मागे शेवटी तो बारीकसा 'ड' किंवा 'ट' लागला की काम झालं. तिला ते फार आवडायचं. मराठीत काम झालं म्हणताना घरातली बाई अजून उभीच असते. इंग्रजीत तो शेवटचा आवाज लागला की काम मांडी घालून बसतं. हे तिनं अभिराजला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग माझ्या ट्रिपला पण एक लाव." पण त्या दिवशी कॅबमध्ये बसताना तो ते शब्द एकामागून एक पुटपुटत होता, हे तिनं ऐकलं.

संक्रांतीच्या आधीच्या गुरुवारी वाणी शाळेतून गृहपाठ घेऊन आली. 'फिनिश्ड' हा शब्द घालून पाच वाक्यं. ओसरीवर पाटी घेऊन बसली आणि मोठ्यानं म्हणू लागली. आय हॅव फिनिश्ड माय मिल्क. आय हॅव फिनिश्ड माय होमवर्क. मालनबाई समईत तेल घालत होत्या. त्यांनी हात थांबवला.

"काय म्हणते गं ही?"

"दूध संपलं म्हणते, आत्याबाई," संयोगिता म्हणाली आणि जीभ चावली.

या घरात काही संपत नसे. मीठ संपलं तर ते भरायला आलेलं असे. दिवा विझत नसे, मोठा होई. बांगडी फुटत नसे, वाढे. संयोगिता नवी नवरी असताना एकदा संध्याकाळी तांदूळ संपले म्हणून गेली होती. तर मालनबाईंनी तिचा हात धरून रिकाम्या डब्यावर ठेवला आणि तीनदा "भर, भर, भर" म्हणायला लावलं. रागावल्या नाहीत. उलट नंतर गूळ दिला. पण तेव्हापासून तिच्या तोंडून तो शब्द उंबऱ्याच्या आत निघाला नव्हता, आणि पीक उभं असताना तर शेताच्या बांधावरही नाही.

"दिवेलागणीला नको," मालनबाई नातीला म्हणाल्या. "शाळेत म्हण."

"शाळेत उद्या दाखवायचंय, अज्जी."

बराच खल झाला. विठोजींनी निवाडा दिला की उंबऱ्याबाहेर चालेल. मग वाणी कपडे धुवायच्या दगडावर जाऊन बसली, थंडीत कुडकुडत, आणि तिथून अंगणातल्या कोंबड्यांना सांगू लागली की तिचं दूध, तिचं जेवण, तिची अंघोळ सगळं फिनिश्ड आहे. संयोगितानं तिच्या खांद्यांवर शाल टाकली आणि पाचवं वाक्य तिच्यासोबत जुळवलं. माय मदर हॅज नॉट फिनिश्ड हर वर्क. ते दोघींनाही खरं वाटलं.

शुक्रवारी दुपारी मळ्यातली शेंग आणि ग्रुपवरची मागणी यांची तोंडमिळवणी झाली. संक्रांतीचा आठवडा, सगळ्यांनाच हवं होतं. पूर्वेकडच्या बांधालगतच्या ओळी सोडल्या तर मळ्यात तोडायजोगं होतं तेवढं सगळं मागून झालं होतं. त्या ओळी बियाण्याच्या. त्यातल्या सगळ्यांत भरदार शेंगा मालनबाईंनी झाडावरच वाळायला ठेवल्या होत्या. हे बी त्यांच्या सासूनं त्यांना दिलेलं, बाजारातून कधी आणलेलं नव्हतं.

दिवेलागणीला संयोगितानं फोन घेतला आणि लिहिलं, बीन्स फिनिश्ड. पाठवायच्या आधी तिनं सवयीनं वर पाहिलं. सासूबाई समोर उभ्या, हातात काडेपेटी. वाणी आईच्या खांद्यावरून वाचत होती आणि तिनं वाचलंही मोठ्यानं.

"शेंग झाडाला लोंबतेय," मालनबाई हळू आवाजात म्हणाल्या, "आणि तू सगळ्या गावाला सांगणार?"

"गावाला नाही, आत्याबाई. ग्रुपवर."

"ग्रुपवर माणसंच आहेत ना."

संयोगितानं ते पुसलं. दुसरं काहीतरी लिहावं म्हणून तिनं खूप शोधलं, पण तिच्याकडचे सगळे शब्द झालेल्या कामांचे होते. आता नको, पुरे, असं गोड करून सांगणारं इंग्रजी तिला कुठून येणार? एक रात्र नाही लिहिलं तर काय आकाश कोसळतं, असं म्हणून तिनं फोन फळीवर ठेवला आणि भाकरी थापायला बसली.

आकाश नाही कोसळलं. मागणी कोसळली. भव्या मॅडमनी शेजारच्या इमारतींना कळवलं होतं, आणि इकडून कुणी नाही म्हटलं नाही म्हणून सकाळपर्यंत नावं येतच राहिली. शनिवारी उजाडताना संयोगितानं फोन उघडला आणि चुलीपाशी मटकन बसली. जवळजवळ दुप्पट.

"आयतु, झालं ते झालं," विठोजी म्हणाले. "आता सगळ्यांनी बसायचं."

आणि सगळे बसले. धुकं विरायच्या आत मळा झाडून काढला. ओल्या झाडांतून फिरताना कमरेपर्यंत लुगडी, विजारी भिजल्या, शेंगांच्या तेलानं हात काळे चिकट झाले. बांधाच्या ओळी तेवढ्या सोडल्या. शेजारच्या अंबुबाई स्वतःची पाटी घेऊन आल्या, बरोबर दोन जावा. ओसरी भरली. शेंगा सोलून दाणे कोमट पाण्यात पडले, आणि जेवणं उरकून दाबणं सुरू झालं. अंगठ्याची नखं दुखू लागली, बोटांची टोकं पाण्यानं पांढरी होऊन सुरकुतली. दुपारी ड्यूटी संपवून अभिराज आला, त्यानं युनिफॉर्म न उतरवता मांडी ठोकली. त्याचा पहिला दाणा थेट अंबुबाईंच्या कपाळावर बसला.

"अण्णा, गाडी अशीच चालवतोस काय रे?" अंबुबाई म्हणाल्या.

"स्वल्प सांभाळा अक्का, ब्रेक नवीन आहे."

मालनबाई हसल्या. लेकाकडे बघून नाही, परातीकडे बघून, पण हसल्या. नंतर कुणी गाणं म्हटलं, कुणी कुणाच्या सासूची नक्कल केली, वाणीनं सालांचा ढीग करून त्यात पाय पुरले. एवढी माणसं या ओसरीवर लग्नानंतर प्रथमच बसली असतील, असं संयोगिताला वाटलं. मनात ती मात्र एकीकडे पराती बघत होती आणि दुसरीकडे नावं. उन्हं उतरली तेव्हा टोपल्या रिकाम्या होत्या आणि नावं उरली होती. पुष्कळ उरली होती.

मालनबाई उठल्या. त्यांनी पदर खोचला, कोपऱ्यातली टोपली उचलली आणि मागच्या दारानं मळ्याकडे निघाल्या. संयोगिताला क्षणात कळलं त्या कुठे चालल्यात. ती हात तसेच ओले घेऊन मागे धावली. मागून वाणी.

बांधाच्या ओळींपाशी सासूबाई उभ्या होत्या. उन्हाच्या तिरिपीत शेंगा पिवळट पडायला लागल्या होत्या, पण अजून ओल्या होत्या. सकाळी तोडलेली शेंग आणि ही, यातला फरक शिजल्यावर शहरात कुणाला कळलंही नसतं. मालनबाईंनी पहिल्या झाडाला हात घातला.

"नको, आत्याबाई," संयोगिता म्हणाली.

"माझ्यामुळे झालं. मी लिहू दिलं नाही."

"म्हणून बी द्यायचं?"

"नाव गेलं तर बी ठेवून काय करू? गवतावर पेरू?"

बोलताना त्यांचा आवाज जरा चिरकला. सुनेनं हे याआधी ऐकलं नव्हतं. तिला एकदम वाटलं, हो म्हणावं. टोपलीला दुसऱ्या बाजूनं हात लावावा. रविवार निभावेल, लोक खूश होतील, भव्या मॅडम पुढच्या वर्षी या म्हणतील. आणि पुढच्या वर्षी पेरायचं काय? दुकानातलं पाकीट आणायचं, ज्याला ना हा वास ना हे तेल? मग ज्या वासानं त्या बाईंनी डोळे मिटले होते, तो कुठून द्यायचा?

"त्यांना नाही म्हणून सांगते," ती म्हणाली. "ओरडतील. ओरडू दे. उद्या मी उभी राहते ना समोर."

मालनबाईंनी शेंग हातात धरली. तोडली नाही. मग त्यांनी मळ्याकडे एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं, जणू कुणी ऐकत नाही ना याची खात्री करावी.

"तो तुझा शब्द मराठीत बोलू नकोस," त्या म्हणाल्या.

"नाही."

"कन्नडमध्ये पण नको. कन्नड या मळ्याला सगळं कळतं."

"सरी, नाही बोलत."

"इंग्रजीत लिही. याला इंग्रजी येत नाही."

एवढ्या गंभीर चेहऱ्यानं त्या हे म्हणाल्या की संयोगिताला हसू आवरेना, आणि ती हसली तशा त्याही हसायला लागल्या, टोपली कमरेवर तशीच रिकामी. वाणीला दोघींना काय झालं ते कळेना. तिथेच बांधावर बसून संयोगितानं फोन काढला. बीन्स फिनिश्ड, तिनं लिहिलं.

"आर पाहिजे," वाणी म्हणाली. "बीन्स आर फिनिश्ड. आमची मिस मारेल."

तिनं आर घातला. सॉरी लिहिलं. मग कुणाकुणाला मिळेल आणि कुणाकुणाला नाही ते लिहिलं, आणि डोळे गच्च मिटून पाठवलं.

रविवारी गेटवर तिची आणि अभिराजची पहिल्यांदाच झडती झाल्यासारखी झाली. वॉचमननं पिशव्या उघडून पाहिल्या, सामानाच्या दारानं आत जा म्हणाला. टेबल मांडेपर्यंत माणसं जमली. ज्यांना मिळायचं होतं ते वास घेत घेत पिशव्या घेऊन गेले. ज्यांना मिळायचं नव्हतं त्यातलेही बरेच आले होते. हाफपँटमधला एक गृहस्थ चढ्या आवाजात इंग्रजीत म्हणाला की शुक्रवारीच का नाही सांगितलं, त्यानं पाहुणे बोलावलेत. अभिराजनं पुढे होऊन हिंदीत काहीतरी सांभाळायला सुरुवात केली. संयोगितानं त्याच्या दंडाला हात लावून त्याला मागे घेतलं. ती टेबलापुढे आली.

"मिस्टेक माय," ती इंग्रजीत म्हणाली. "फ्रायडे आय हॅव नॉट रिटन."

एवढंच. पुढचं येत नव्हतं. त्या गृहस्थाला आणखी ओरडायचं होतं, पण समोरची बाई कबूल म्हणते म्हटल्यावर ओरडायला धार येईना. तो फोनमध्ये बघत गेला.

भव्या मॅडम सगळ्यांत शेवटी आल्या. त्यांचं नाव न मिळणाऱ्यांत होतं. इतरांची नावं घालता घालता स्वतःचं त्यांनी शेवटी घातलं होतं. चेहरा उतरला होता. त्यांनी फोन पुढे केला. अभिराजनं शुक्रवारी कौतुकानं ग्रुपवर टाकलेला मळ्याचा फोटो होता, आणि त्यात पूर्वेचा बांध, शेंगांनी वाकलेल्या ओळी.

"हे काय मग?" त्यांनी कन्नडमध्ये विचारलं. "यात तर आहेत."

अभिराजनं फोटोकडे पाहिलं, मग बायकोकडे. त्या ओळी का राखल्या हे त्याला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. आई काल मागच्या दारानं टोपली घेऊन गेली आणि रिकामी घेऊन आली, एवढंच त्यानं पाहिलं होतं.

"दॅट इज केप्ट," संयोगिता म्हणाली. आणि मग, चूक की बरोबर याची पर्वा न करता, "फॉर सीड. मदर-इन-लॉ केप्ट."

भव्या मॅडमनी फोटो बोटांनी मोठा केला. ओळी जवळ आल्या. त्यांच्या ओठाचा कोपरा हलला.

"माझी आई पण एक डबा ठेवायची," त्या म्हणाल्या. "हात लावू द्यायची नाही." मग आवाज कोरडा करून त्यांनी बजावलं की यापुढे शुक्रवारी संध्याकाळी लिहायचं म्हणजे लिहायचं, आणि उरलेल्या लोकांना पुढच्या तोडणीत आधी द्यायचं. जाता जाता वळून त्यांनी विचारलं, "पुढच्या वर्षी येणार ना?"

हे संयोगितानं एकटीनं सांगायचं नव्हतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो रिकाम्या पिशव्यांची घडी घालत होता, घडीवर घडी, नको तितकी नीट.

"बी ठेवलंय म्हटल्यावर येणारच की," अभिराज म्हणाला.

परतीच्या वाटेवर त्यानं कॅब बाजूला घेऊन त्रिविक्रमला फोन केला. दोन वाक्यं बोलला, त्यातलं एक जेवलात का, हे होतं.

घरी मालनबाई दारातच उभ्या होत्या. अभिराजनंच सांगितलं, गवताचं नाही जमत म्हणून त्याला कळवलं. त्या म्हणाल्या, "हात धू, ताट वाढते." जेवताना लेकाच्या ताटात मात्र हितकबेळ्याची आमटी दोनदा पडली. घरासाठी म्हणून त्यांनी एक वाटी दाणे कालच गुपचूप बाजूला काढले होते; ते कळल्यावर विठोजींना ठसका लागला.

उन्हं कलताना संयोगिता वाणीला घेऊन मळ्यात गेली. झाडांवर नवी फुलं धरायला लागली होती, पुढच्या तोडणीची. बांधाच्या ओळींतून फिरताना वाणी एकेका शेंगेला बोट लावत होती, हळूच, झोपलेल्या बाळाला लावावं तसं. मध्येच थांबली.

"आई, मळ्याला इंग्रजी येत नाही ना?"

"अज्जी म्हणते नाही येत."

मातीत वाणीनं अंगठ्यानं एक रेघ ओढली.

"मग मी मोठी झाले, आणि मला फक्त इंग्रजीच यायला लागलं," तिनं विचारलं, "तर मी आलेय हे याला कसं कळणार?"